‘ग्रह’ संज्ञेचे लक्षण आणि सूर्यमालेचे वर्गीकरण

सूर्यमालेत ग्रह किती, या प्रश्नाचे उत्तर १९३० ते २००६ या काळात शिकलेला विद्यार्थी ‘नऊ’ असे देई. त्यानंतर शिकलेला विद्यार्थी ‘आठ’ असे देतो. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात आकाशातील कोणतीही वस्तू नष्ट झालेली नाही. प्लुटो पूर्वीप्रमाणेच सुमारे २४८ वर्षांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पुरी करीत आहे. जे बदलले ते वस्तूचे स्वरूप नव्हे, तर संज्ञेचे लक्षण होय. वर्गीकरण ही निसर्गात तयार सापडणारी गोष्ट आहे की अभ्यासकाने विशिष्ट प्रयोजनासाठी केलेली मांडणी आहे, हा प्रश्न सर्वच शास्त्रांपुढे उभा असतो. ‘ग्रह’ या एका शब्दाचा इतिहास त्या प्रश्नाचा उलगडा करण्यास विशेष उपयोगी पडतो.

प्राचीनांच्या दृष्टीने ग्रहाचे लक्षण केवळ गती हे होते. तारे परस्परांतील अंतर न बदलता एकत्र फिरताना दिसतात. काही मोजकी तेजे मात्र त्या स्थिर पार्श्वभूमीवरून सरकत जातात. ग्रीकांनी या तेजांना ‘भटके’ या अर्थाचा शब्द योजिला आणि युरोपीय भाषांत तोच रूढ झाला. संस्कृतातील ‘ग्रह’ शब्द मात्र ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. ‘ग्रहण’ हा शब्दही त्याच धातूचा. एकाच वस्तुसमूहाला एका संस्कृतीने त्याच्या चालीवरून नाव दिले, तर दुसरीने त्याच्या प्रभावाच्या कल्पनेवरून. नाव कशावरून पडले याचा आणि नाव कशाला लागू होते याचा संबंध किती सैल असतो, याचे हे एक चांगले उदाहरण म्हणता येईल.

गती हे लक्षण मानल्यावर सूर्य व चंद्र हे ग्रह ठरतात आणि पृथ्वी ग्रह ठरत नाही. आठवड्याचे सात वार या जुन्या वर्गीकरणाचा आजही चालू असलेला पुरावा होय. शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र असा मंदगतीकडून शीघ्रगतीकडे क्रम लावून दिवसाच्या चोवीस होरांचे स्वामी मोजत गेले, म्हणजे पंचविसावी होरा या क्रमात तीन स्थाने पुढे असलेल्या ग्रहाची येते. म्हणूनच शनिवारानंतर रविवार आणि रविवारानंतर सोमवार येतो. सूर्य-चंद्र इतर पाचांहून दिसण्यात वेगळे आहेत, हे प्राचीनांच्या लक्षात आले नव्हते असे मात्र नाही. मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी यांना ‘ताराग्रह’ अशी पोटसंज्ञा होती. राहू आणि केतू यांचा समावेश करून संख्या नऊ झाली. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदते ते हे बिंदू होत. त्यांना पिंड नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ग्रहणांचे कारण छाया हे सांगितले, तरीही हे छेदनबिंदू ग्रहगणितात राहिले. कारण त्यांनाही गती आहे आणि ग्रहणांच्या गणिताला तीच लागते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने इ. स. १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त सूर्य, चंद्र व राहू यांचे गणित मंगळादिकांच्या बरोबरीने येते, ते या लक्षणाला धरूनच होय.

यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी, १५४३ मध्ये, कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि कालांतराने लक्षणाचा आधारच पालटला. ‘जे ताऱ्यांमधून सरकते ते’ याऐवजी ‘जे सूर्याभोवती फिरते ते’ असे लक्षण झाले. त्यामुळे सूर्य वर्गाबाहेर गेला व पृथ्वी वर्गात आली. चंद्राचे स्थान मात्र लगेच निश्चित झाले नाही. १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार पिंड दिसले, तेव्हा त्यांनाही ग्रहच म्हटले गेले. शनीचे नवे सोबती सापडल्यावरही हीच पद्धत काही काळ चालू होती. उपग्रह हा स्वतंत्र वर्ग हळूहळू स्थिरावला. नवे लक्षण मान्य झाले, तरी त्याच्या सर्व परिणामांशी व्यवहारातील भाषा जुळवून घेईपर्यंत बराच काळ जावा लागतो, असे येथे आढळून येते.

१७८१ मध्ये विल्यम हर्शेल याने युरेनस शोधला. मराठी पंचांगांत हा ग्रह ‘हर्षल’ या नावाने स्थिरावला. शोधकाचे नाव शोधलेल्या वस्तूस मिळाले. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी याला पालेर्मो येथे मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सेरेस हा पिंड दिसला आणि त्याची गणना ग्रहांत झाली. पुढे १८०२, १८०४ व १८०७ या वर्षी पॅलास, जुनो व वेस्टा हे पिंड सापडले. दुर्बिणीतूनही यांची तबकडी दिसत नाही, ते ताऱ्यासारखे बिंदूरूपच राहतात, म्हणून हर्शेलने त्यांस ‘ताऱ्यासारखे’ या अर्थाची ग्रीक वळणाची संज्ञा सुचविली. शब्दार्थाने ती आपल्या ‘ताराग्रहा’च्या जवळ जाते, परंतु वाच्य वस्तू सर्वस्वी भिन्न. १८५१ च्या अखेरीस अशा पिंडांची संख्या पंधरा झाली. १८४६ मध्ये सापडलेला नेपच्यून धरून ग्रहांची गणती तेवीसवर गेली. तेव्हा या लहान पिंडांना क्रमांक देऊन त्यांची यादी वेगळी करण्यात आली. आज मराठीत त्यांना ‘लघुग्रह’ म्हणतात. या बदलासाठी कोणत्याही परिषदेत मतदान झाले नव्हते. एकाच प्रदेशात एकसारखे अनेक पिंड सापडू लागल्यावर त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र ग्रह मानणे गैरसोयीचे झाले, आणि वापराने निर्णय दिला.

प्लुटोच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बो याने तो शोधला, तेव्हा तो पृथ्वीच्या तोडीचा असावा असा समज होता. पुढील मोजण्यांत त्याचे वस्तुमान सारखे घटत गेले. त्याचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राच्या ३,४७४ किलोमीटर व्यासाहूनही कमी आहे. १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे कायपर पट्ट्यातील इतर पिंड सापडू लागले. २००५ मध्ये एरिसचा शोध जाहीर झाला. त्याचा व्यास प्लुटोहून किंचित कमी असला, तरी वस्तुमान सुमारे एकचतुर्थांशाने अधिक आहे. प्लुटोला ग्रह म्हणावे तर एरिसला का म्हणू नये, या प्रश्नाला जुन्या सवयीखेरीज उत्तर नव्हते.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाचे लक्षण मतदानाने ठरविले. सूर्यमालेतील ग्रह म्हणजे असा पिंड, की जो सूर्याभोवती फिरतो. ज्याचे वस्तुमान स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोल आकार येण्याइतके आहे. आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला आहे. पहिल्या दोन अटी पुऱ्या करणारा, तिसरी न करणारा आणि उपग्रह नसलेला पिंड हा ‘बटुग्रह’ होय. सेरेस, प्लुटो, एरिस, हौमिया व माकेमाके हे पाच पिंड संघाने या वर्गात मानले आहेत. उपग्रह वगळता उरलेले सारे ‘सूर्यमालेतील लघुपिंड’ या वर्गात पडतात.

आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव. या कसोट्यांवर प्रागचे लक्षण घासून पाहणे उद्बोधक ठरते. ‘सूर्याभोवती’ या शब्दामुळे इतर ताऱ्यांभोवती फिरणारे पिंड लक्षणाबाहेर राहतात. १९९० नंतरच्या दशकांत असे पाच हजारांहून अधिक पिंड ज्ञात झाले असून व्यवहारात त्यांना ग्रहच म्हणतात. ठरावाने आपली मर्यादा सूर्यमालेपुरती घालून घेतली होती हे खरे. तथापि सामान्य संज्ञा म्हणून पाहता ही अव्याप्ती होय. तिसरी अट अक्षरशः घेतली तर असंभवाचा दोष येतो, कारण परिसर पूर्णतः मोकळा असलेला ग्रह क्वचितच दाखविता येईल. गुरूच्या कक्षेतच त्याच्या पुढे व मागे हजारो लघुग्रह चालतात. नेपच्यूनची कक्षा ओलांडून प्लुटो १९७९ ते १९९९ या काळात सूर्याला नेपच्यूनहून जवळ होता. म्हणून ‘मोकळा’ याचा अर्थ ‘रिकामा’ असा न घेता ‘ज्यावर त्या पिंडाचे गुरुत्व वरचढ आहे असा’ असा घ्यावा लागतो. गुरूचे सहचर लघुग्रह गुरूच्याच गुरुत्वाने आपल्या जागी राहिलेले आहेत. प्लुटोच्या तीन प्रदक्षिणा सूर्याभोवतीच्या दोन फेऱ्यांत बसतील असे नव्हे, तर प्लुटोच्या दोन फेऱ्यांत नेपच्यूनच्या तीन होतात, आणि हे प्रमाण नेपच्यूनच्या प्रभावाने टिकलेले आहे. असा अर्थ केला की आठ ग्रह आणि इतर पिंड यांच्यातील अंतर स्पष्ट व मोठे दिसते. दोष कल्पनेत नसून शब्दयोजनेत आहे.

खरा वाद याहून खोल आहे. तीन अटींपैकी दुसरी पिंडाच्या अंगभूत गुणाविषयी आहे; पहिली व तिसरी त्याच्या इतरांशी असलेल्या संबंधाविषयी आहेत. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास ही विभागणी अपरिचित नाही. स्वन त्याच्या उच्चारणाच्या गुणांवरून वर्णिला जातो. स्वनिम व्यवस्थेतील स्थानावरून ठरतो. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतील महाप्राणत्वाने मराठीत अर्थ बदलतो, म्हणून प व फ हे दोन स्वनिम. इंग्रजी भाषक ‘पिन’मधील प महाप्राणयुक्त व ‘स्पिन’मधील प त्याविना उच्चारतो, परंतु त्या भेदाने तेथे अर्थ बदलत नाही, म्हणून स्वन दोन, स्वनिम एकच. भौतिक भेद तोच असून व्यवस्थेनुसार वर्ग वेगळे. गुरूचा उपग्रह गॅनिमीड याचा व्यास सुमारे ५,२६८ किलोमीटर आहे, बुधाचा ४,८७९. गुणांवरून पाहणाऱ्यास गॅनिमीडला बुधाच्या पंक्तीत बसविण्यास प्रत्यवाय नाही. संबंधांवरून पाहणाऱ्यास तो उपग्रहच राहतो.

जुलै २०१५ मध्ये ‘न्यू होरायझन्स’ हे यान प्लुटोजवळून गेले. नायट्रोजनच्या बर्फाची मैदाने व पाण्याच्या बर्फाचे पर्वत त्याच्या छायाचित्रांत दिसले. भूरचनेच्या अभ्यासकांना असा पिंड ग्रह वाटावा, यात नवल नाही. कक्षांची उत्पत्ती आणि स्थैर्य यांचा अभ्यास करणाऱ्यास प्लुटो हा एका मोठ्या समूहातील एक घटक वाटतो, हेही तितकेच स्वाभाविक आहे. दोघांचे प्रश्न भिन्न आहेत. म्हणून वर्गही भिन्न पडतात.

आठ ग्रहांच्या पोटवर्गांतही हाच विवेक लागतो. घटकद्रव्यांवरून बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे खडकाळ. गुरू व शनी हे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे वायुमय. युरेनस व नेपच्यून हे पाणी, अमोनिया, मिथेन अशा द्रव्यांचे प्रमाण मोठे असलेले ‘हिममय’ महाग्रह ठरतात. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाच पट, तर शनीची पाण्याहूनही कमी, एवढे हे अंतर आहे. स्थानावरून केलेल्या वर्गीकरणात मात्र मराठी संज्ञांचा घोटाळा होतो. खगोलगणितात ‘अंतर्ग्रह’ म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या आत असलेले बुध व शुक्र हे दोनच. शालेय पुस्तकांत ‘अंतर्ग्रह’ म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आतील चार. पहिल्या अर्थी पृथ्वी हा वर्गीकरणाचा संदर्भबिंदू आहे व मंगळ बहिर्ग्रह ठरतो. दुसऱ्या अर्थी पृथ्वी स्वतःच अंतर्ग्रह होते. संदर्भ न सांगता ही संज्ञा वापरणे म्हणजे वाचकाला चुकीच्या वाटेला लावणे होय.

‘बटुग्रह’ ही संज्ञाही विचारात घेण्याजोगी आहे. संघाच्या लक्षणानुसार बटुग्रह हा ग्रहांचा पोटवर्ग नाही. समासाच्या सामान्य नियमाने मात्र नीलकमल हे जसे कमळच, तसा बटुग्रह हा ग्रहच वाटतो. पाणघोडा हा घोडा नव्हे, हे मराठी भाषक जाणतो. तेव्हा समासाने वर्गसमावेश सुचविलाच पाहिजे असे नाही, असा बचाव करता येईल. परंतु दुसरी अडचण राहतेच. ‘बटु’ हे पद लहानपणा सुचविते, आणि लक्षणात आकाराची मर्यादा मुळीच नाही. सूर्यापासून जितके दूर जावे, तितके परिसर मोकळा करण्यास अधिक वस्तुमान लागते. त्यामुळे एखादा पिंड जवळच्या कक्षेत ग्रह ठरेल आणि दूरच्या कक्षेत ठरणार नाही. हा दोष मराठी भाषांतरकाराचा नाही, मूळ संज्ञेतच आहे. संज्ञा रूढ झाली असल्याने ती टाकण्याचे कारण नाही. शिकविताना तिचा पदशः अर्थ न सांगता तिचे लक्षण सांगावे, एवढेच पुरे.

ग्रह नऊ की आठ, या प्रश्नाला यास्तव एका अंकाचे उत्तर पुरत नाही. पंचांगकर्त्याचे नऊ गतीच्या लक्षणाने येतात, आजचे आठ कक्षेवरील प्रभुत्वाच्या लक्षणाने येतात, आणि भूरचनेचा अभ्यासक आपल्या प्रश्नासाठी याहून मोठी संख्या मानू शकतो. याचा अर्थ सर्व वर्गीकरणे सारख्याच मोलाची आहेत असा नव्हे. कोणते वर्गीकरण अधिक गोष्टींचा उलगडा करते, हे तपासता येते आणि तपासलेच पाहिजे. संख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचा ठराव पुन्हा चकित करील. लक्षण व त्याचे प्रयोजन समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला संख्या बदलली तरी ती का बदलली हे सांगता येईल.