बिटचा दांडा वाढवा, पण त्याचे पाणी उतरू देऊ नका

शेतकरी बंधूंनो, वैशाख सरत आला की आपले लक्ष आपोआप गोठ्याच्या छपराकडे जाते. वळवाची एक वावटळ पत्रे उचलून शेजारच्या रानात टाकते आणि जनावरे उघड्यावर पडतात. म्हणून ज्याच्या त्याच्या घरी त्या दिवसांत ठोकाठोक चालू असते. आता पुष्कळ घरांत एखादी शेड असते. तिच्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातातले ड्रिल आणि एक शेगडा (व्हाइस) असतो. छोटी कामे घरीच उरकतात, तालुक्याची खेप वाचते. चांगली गोष्ट आहे. पण याच शेडमध्ये एक काम असे आहे की ते जो तो करतो आणि दहांतले नऊ जण चुकीचे करतात. ते म्हणजे आखूड पडलेले ड्रिल बिट लांब करणे.

प्रस्तुत लेखकही त्या नऊ जणांतलाच. गोठ्याचा खांब आणि त्याला लागून असलेली तुळई, दोन्ही बाभळीची, मिळून जाडी आठ इंच. दोन्हींतून आरपार १२ मिमीचा बोल्ट घालायचा होता. बाजारात मिळणारे १२ मिमीचे नेहमीचे बिट एकूण १५१ मिमी लांब असते आणि त्यातला आटेवाला भाग १०१ मिमी, म्हणजे जेमतेम चार इंच. एका बाजूने चार इंच भोक पाडले, मग दुसऱ्या बाजूने. मध्ये भेट काही होईना! दोन विहिरी खणल्यासारखे झाले, एक इकडे, एक तिकडे. मग काय, घेतली एक सळई, लावली बिटच्या बुडाला आणि मारले वेल्डिंग. दिसायला एकदम झकास. मशीन सुरू केले, बिट दोन इंच आत गेले, किंचित तिरके झाले आणि खाडकन तुटले. मशीन फिरतच होते. सळईच्या तुटक्या टोकाने भुवईवर असा तडाखा दिला की रक्ताची धार लागली. अर्धा इंच खाली बसता तर आज हा लेख सांगून लिहून घ्यावा लागला असता.

तालुक्याच्या एका जुन्या लेथवाल्या मिस्त्रींना ते तुकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "अण्णा, तुमचं वेल्डिंग तुटलेलं नाही. वेल्डिंगच्या शेजारचं पोलाद तुटलंय." सगळी मेख या एका वाक्यात आहे.

वेल्डिंगने बिट का तुटते?

लोहार विळ्याला पाणी कसे देतो ते आपण लहानपणापासून पाहिले आहे. लाल तापवायचे, पाण्यात बुडवायचे, की धार कडक होते. नुसती कडक धार काचेसारखी फुटते, म्हणून तो ती पुन्हा थोडी ऊब देऊन चिवट करतो. बिटचे पोलाद मात्र विळ्याच्या जातीचे नाही. चांगल्या बिटच्या दांड्यावर 'एचएसएस' अशी अक्षरे असतात. ते हायस्पीड स्टील. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम असे धातू असतात. या जातीचे पोलाद टेलर आणि व्हाइट या दोघा अमेरिकनांनी विकसित केले आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात, टोक लाल झाले तरी हत्यार कापतच राहते, हे जगाला दाखवले. साध्या पोलादाच्या बिटचे पाणी दोन-अडीचशे अंशांत उतरू लागते. हायस्पीडचे साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत टिकते.

पण याच गुणाची दुसरी बाजू आहे. हे पोलाद फार तापले आणि नुसत्या हवेत निवले तरी स्वतःहून कडक होते. त्याला पाण्यात बुडवायची गरज नसते. वेल्डिंगच्या ठिणगीने जोडाशेजारचा भाग वितळण्याच्या बेताला येतो, मग हवेने निवतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. पुष्कळदा बारीक तडा तेव्हाच जातो, आपल्याला दिसत नाही. जोराचा पहिला पीळ बसला की तुकडा. म्हणून बंधूंनो, बिटला थेट वेल्डिंग करू नका. जोड कितीही जाड मारला तरी तुटायचे ते तुटतेच.

मग जोडायचे कसे?

उत्तर आहे खोबण आणि चांदीची झाळ. सळईला खोबण पाडायची, बिटचा दांडा तिच्यात बसवायचा आणि झाळायचा. चांदीची कांडी साधारण साडेसहाशे ते साडेसातशे अंशांत वितळते. एवढ्या उष्णतेने दांड्याचे पोलाद पुन्हा कडक होऊन तडकत नाही. दांडा थोडा मऊ होईल, होऊ द्या. कापायचे काम टोकाचे आहे, दांड्याचे नाही.

सुरुवातीला एक ठरवा. तुम्हाला नुसते लांब पोचायचे आहे, की भोकच खोल पाडायचे आहे? अडचणीच्या जागी मशीनचे नाक अडते म्हणून लांबी हवी असेल आणि सळईला भोकात शिरायचे नसेल, तर १६ मिमीची सळई घ्या, तिला १२ मिमीची खोबण पाडा आणि दांडा आहे तसा आत बसवा. पण आमच्या खांबासारखे खोल भोक असेल तर सळई बिटपेक्षा बारीकच हवी, नाहीतर ती भोकाच्या तोंडाशी अडेल. त्यासाठी दांडा उतरवावा लागतो. १२ मिमीच्या बिटला मिस्त्रींनी काय केले ते क्रमाने सांगतो.

एक. दांड्याला कानस लावून पाहिली. कानस धरते म्हणजे दांडा मऊ आहे, लेथवर उतरेल. कानस घसरली तर ते बिट या कामाला घेऊ नये.

दोन. १२ मिमीची ब्राइट बार, दीडशे मिमी लांब, लेथवर साडेअकरा मिमीला उतरवली. तिच्या टोकाला बरोबर मध्यावर ९ मिमीचे, २५ मिमी खोल भोक पाडले. हे भोक लेथवरच पाडावे. हातातल्या मशीनने मध्य साधत नाही आणि बिट डुलत फिरते. जस्त चढवलेली सळई किंवा पाइप घेऊ नये, जस्ताचा धूर बाधतो.

तीन. आता त्या भोकाच्या मापाने दांड्याचे शेवटचे २५ मिमी उतरवले. आधी भोक, मग दांडा, हा क्रम उलटा करू नका. दांडा हाताने सरकत आत जावा, पण खुळखुळता कामा नये. झाळ पातळ फटीतच चांगली ओढली जाते. दांड्यावर कानशीने एक बारीक चपटी रेघ काढली, कारण आतली हवा कोंडली तर ती वितळलेली झाळ बाहेर ढकलते.

चार. दोन्ही भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले आणि त्यावर फ्लक्स लावला. पितळी झाळेला आपण टाकणखार वापरतो, पण तो या कामाला उशिरा वितळतो. चांदीच्या कांडीबरोबरचा तयार फ्लक्सच घ्यावा.

पाच. आटेवाल्या भागाला ओले फडके गुंडाळले आणि ते ओले राहील अशी काळजी घेतली. गॅसच्या बत्तीची ज्योत बिटवर नव्हे, सळईवर फिरवली. हे काम सावलीत करावे, उन्हात लाली दिसत नाही. मंद लाल रंग आला की ज्योत बाजूला घेऊन कांडी फटीला टेकवायची. कांडी ज्योतीने नव्हे, तापलेल्या लोखंडाने वितळली पाहिजे. झाळ गोल फिरून आत ओढली जाते, तुम्हाला डोळ्यांनी दिसते. मग हात लावू नका. आपोआप निवू द्या, पाण्यात बुडवू नका.

कांडी घेताना दोन गोष्टी जपा. फ्रीज-कूलर दुरुस्तीवाल्यांकडे तांब्याच्या नळ्या जोडायची फॉस्फरसवाली कांडी असते. ती लोखंडाला चालत नाही, जोड ठिसूळ होतो. आणि चांदीच्या काही जुन्या कांड्यांत कॅडमियम असते. त्याचा धूर विषारी आहे. 'कॅडमियम नसलेली द्या' असे दुकानदाराला स्पष्ट सांगा आणि झाळकाम नेहमी मोकळ्या हवेत करा.

भोक पाडताना

जोड निवल्यावर बिट मशीनला लावून हाताने सावकाश फिरवून पाहा. टोक डोळ्याला दिसेल इतके डुलत असेल तर ते वापरू नका. लांबी गरजेपुरतीच ठेवा. सळई दुप्पट लांब केली की तेवढ्याच जोराला ती दुप्पट नाही, आठपट वाकते.

पहिले तीन-चार इंच साध्या बिटने, काटकोनात, नीट सरळ पाडा. मग लांब बिटचे टोक त्या भोकात घाला आणि मगच मशीन सुरू करा. हा नियम पाठच करा. मोकळ्या हवेत फिरणारे लांब बिट चाबकासारखे वाकते. वेग कमी ठेवा. आटे पूर्ण आत गेले की भुसा बाहेर पडायला वाट राहत नाही, तो कोंडतो आणि बिट धरतो. म्हणून दर अर्ध्या इंचाला बिट मागे ओढून भुसा झटका. पण टोक भोकाबाहेर येण्याआधी मशीन बंद करा. पलीकडे टोक निघायच्या वेळी जोर सोडा, नाहीतर लाकूड फाटेल आणि मशीन मनगट पिरगाळेल. डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे, गळ्यातले उपरणे, लोंबती बाही नको. भगिनींनी पदर आणि केस बांधून घ्यावेत.

कुठे हा उद्योग करू नये

भिंतीला भोक पाडायच्या, ठोके देणाऱ्या मशीनच्या बिटला असा जोड देऊ नका. ठोक्यांनी झाळ सुटते. फार बारीक बिटच्या नादाला लागू नका. आणि तालुक्याला किंवा जिल्ह्याला लांब बिट तयार मिळत असेल तर सरळ ते विकत घ्या. १२ मिमीचेच लांब जातीचे बिट २०५ मिमीपर्यंत मिळते, त्याहून लांबही असतात. नुसत्या लाकडाचे काम असेल तर गावातल्या सुतारदादांना विचारा. त्यांच्या माळ्यावर आजोबांच्या काळचे लांब गिरमिट असण्याचा संभव आहे. ते हाताने फिरते, सरळ जाते आणि कोणाची भुवई फोडत नाही. घरी जोड द्यायचा तो उद्या वादळ आहे आणि आज बिट मिळत नाही, अशा वेळी. पण द्यायचा तर नीट द्यायचा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावागावांत वेल्डिंग मशीन पोचले, पण ते कसे वापरावे हे शिकवणारा पोचला नाही. पूर्वी लोहाराच्या भात्यापाशी बसून पोरे पोलादाची जात ओळखायला शिकत. तो भाता बहुतेक ठिकाणी निवला. आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, वेल्डर हे व्यवसाय शिकवले जातात. तिथल्या एखाद्या निदेशकांना पावसाळ्याआधी अर्ध्या दिवसासाठी पंचायतीच्या आवारात बोलवा. एक बिट वेल्डिंगने जोडून, एक चांदीने झाळून, दोन्ही शेगड्यात धरून पोरांसमोर पिळून दाखवू द्या. हजार शब्दांच्या लेखाने होणार नाही ते त्या एका 'खाडकन' आवाजाने होईल.

आमचा बोल्ट बसला. त्यानंतर आलेल्या वळवात छप्पर हलले, पण उडाले नाही. ते झाळलेले बिट अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेले आहे आणि त्याच्या शेजारी वेल्डिंगने तुटलेला तो तुकडाही. ड्रिल मागायला कोणी आले की आम्ही आधी तो तुकडा त्याच्या हातावर ठेवतो, मग मशीन देतो.