नवा संगणक, जुनी विंडोज

नव्या संगणकावर कंपनीने घालून दिलेली ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिच्या जागी आधीची आवृत्ती बसवणे म्हणजे डाउनग्रेड. हौसेखातर हे सहसा कोणी करत नाही. बहुतेक वेळा एखादा जुना प्रोग्राम किंवा जुने यंत्र अडून बसलेले असते. डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाही, कारण डॉसचे प्रोग्राम चालवणारा भागच तिच्यात नसतो. आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटांवर चालणारा छापखाना, फाँटांच्या सॉफ्टवेअरची प्रत खरी असल्याची खूण म्हणून संगणकाला जोडावे लागणारे डोंगल, नवा ड्रायव्हर न निघालेला स्कॅनर यांच्यापायीही जुन्या आवृत्तीकडे वळावे लागते.

या प्रकाराची खरी चर्चा झाली ती विंडोज व्हिस्टामुळे. ही आवृत्ती ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तोवर २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीवर लोकांचा हात बसला होता. व्हिस्टाला तिच्या सगळ्या सजावटीनिशी चालायला एक जीबी रॅम लागे, आणि त्या काळी ५१२ एमबी रॅमचे संगणक सर्रास विकले जात. प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर वेळेवर तयार नव्हते, आणि परवानगी विचारणारी चौकट पावलोपावली उघडत असे. एप्रिल २००७मध्ये डेल कंपनीने ग्राहकांच्या आग्रहावरून काही घरगुती मॉडेल पुन्हा एक्सपीसह द्यायला सुरुवात केली.

मागे जायचे तर पहिला प्रश्न लायसन्सचा. संगणकासोबत आलेले लायसन्स त्या आवृत्तीपुरते असते, पण मायक्रोसॉफ्टने व्यावसायिक आवृत्त्यांना डाउनग्रेडचा हक्क दिलेला आहे. व्हिस्टा बिझनेस किंवा अल्टिमेट घेणाऱ्याला एक्सपी प्रोफेशनल वापरता येई. विंडोज ८ प्रोवरून विंडोज ७ प्रोफेशनलवर आणि विंडोज ११ प्रोवरून विंडोज १० प्रोवर जाता येते. होम आवृत्तीला हा हक्क नाही. म्हणून जुने सॉफ्टवेअर सांभाळायचे असेल, तर खरेदी करतानाच प्रो आवृत्ती घेणे सोयीचे पडते.

लायसन्स हातात असले तरी खरी अडचण पुढे येते, ती ड्रायव्हरची. ऑपरेटिंग सिस्टिम बनते तेव्हा बाजारात असलेल्या यंत्रभागांचीच ओळख तिच्यात घातलेली असते. नंतर निघालेली चिप तिला परकी. ही चिप कशी हाताळायची हे सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो चिप बनवणाऱ्या कंपनीने त्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला असेल तरच मिळतो.

एक्सपीच्या वेळी हे हार्ड डिस्कपाशीच उघडे पडे. नवे लॅपटॉप डिस्कशी एएचसीआय नावाच्या पद्धतीने बोलत, आणि एक्सपीच्या सीडीवर त्या पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता. परिणामी इन्स्टॉलेशन सुरू होताच डिस्क सापडत नसल्याचा संदेश येई किंवा निळा पडदा दिसे. एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याची सोय होती, पण त्या लॅपटॉपना फ्लॉपीची खाचच नव्हती. मग बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन डिस्क जुन्या आयडीई पद्धतीवर ठेवणे, नाहीतर तो ड्रायव्हर आधीच आत घालून नवी सीडी तयार करणे, हे दोनच मार्ग उरत.

विंडोज ७ची गत वेगळी झाली. २०१५ साली इंटेलची स्कायलेक चिप आली आणि यूएसबीचे सगळे पोर्ट यूएसबी ३.०च्या कंट्रोलरकडे गेले. विंडोज ७च्या इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. अशा यंत्रावर इन्स्टॉलेशनची पहिली चौकट उघडे, भाषा विचारे, आणि यूएसबीचा कीबोर्ड व माउस दोन्ही निपचित पडत. पुढचे बटण दाबायलाही साधन नसे. नवी पेन ड्राइव्ह बनवताना हा ड्रायव्हर आत घालावा लागे. पुढे २०१७ साली मायक्रोसॉफ्टने आणखी कडक धोरण राबवले: इंटेलच्या केबी लेक आणि एएमडीच्या रायझन चिपवर विंडोज ७ चालवणाऱ्यांना अपडेट देणेच थांबवले.

आज मुख्यतः विंडोज ११वरून १०वर जाण्याचा प्रश्न असतो. यात दोन गोष्टींची गल्लत होते. जुन्याच संगणकावर विंडोज १०ची ११ केली असेल, तर सेटिंग्जमधून १० दिवसांच्या आत परत फिरता येते, कारण आधीची सिस्टिम तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते. मुदत संपली की ती पुसली जाते. पण दुकानातूनच विंडोज ११ घेऊन आलेल्या संगणकात मागे जायला काही नसतेच; तिथे डिस्क फॉरमॅट मारून विंडोज १० कोरी बसवावी लागते.

तशी वेळ आली तर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या फायलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि आहे ती सिस्टिम परत बसवता यावी म्हणून रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवावी. मग कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे विंडोज १०चे ड्रायव्हर आहेत का ते पाहावे. नसतील तर बेत तिथेच सोडावा. असतील तर निदान वाय-फायचा ड्रायव्हर तरी आधीच उतरवून ठेवावा, नाहीतर नव्याने बसवलेल्या सिस्टिमला इंटरनेट मिळत नाही आणि बाकीचे ड्रायव्हर आणायची वाटच बंद होते. इंटेलच्या ११व्या आणि पुढच्या पिढ्यांच्या अनेक लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. तिथे बायॉसमधला व्हीएमडी हा डिस्क हाताळण्याचा इंटेलचा पर्याय बंद करावा किंवा त्याचा ड्रायव्हर द्यावा. बायॉसला हात लावण्यापूर्वी डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्यावी, कारण तिथला बदल दिसताच विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर कायमचा कुलूपबंद राहतो.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा. एक्सपीची सेवा ८ एप्रिल २०१४ला, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज १०च्या घरगुती संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. अपडेट नसलेल्या यंत्राचे काय होते ते मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने दाखवून दिले. त्याने वापरलेल्या फटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो न बसवलेली यंत्रे जगभर अडकली.

केवळ एका प्रोग्रामसाठी सगळा संगणक मागे नेण्याची म्हणूनच गरज नसते. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामने नव्या विंडोजच्या आत जुनी विंडोज स्वतंत्र खिडकीत चालवता येते, तिला इंटरनेटपासून तोडून ठेवता येते, आणि बाकीचे काम नव्या सिस्टिमवर चालू राहते. तिच्यासाठी वेगळे लायसन्स मात्र लागते. पॅरलल पोर्टचे डोंगल किंवा आतमध्ये बसवलेले कार्ड असेल तर ही युक्ती बहुधा चालत नाही. त्या कामासाठी जुना संगणकच, नेटला न जोडता, वेगळा ठेवणे उत्तम.