घरातली सायकल आणि डोलती फळी

सुऱ्या-विळ्यांना धार लावणारा कारागीर दारात येतो, सायकल स्टँडवर चढवतो आणि पायडल मारू लागतो. सायकल जागची हलत नाही, पण चाकाबरोबर दगड फिरतो आणि ठिणग्या उडतात. जागच्या जागी सायकल चालवणे ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही. शहरांतून आता हाच प्रकार व्यायामासाठी घरोघर होऊ लागला आहे. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडता येईना, तेव्हा अनेकांनी आपली नेहमीची सायकल ‘ट्रेनर’वर चढवली. ट्रेनर म्हणजे मागचे चाक जमिनीपासून थोडे उचलून धरणारी लोखंडी चौकट. चाकाला टेकलेला एक रूळ त्याला अडवतो, त्यामुळे रस्त्यावर लागतो तसा जोर लागतो.

रोहिणखेडसारख्या गावात याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. उन्हाळ्यात आपल्या भागात सकाळी नऊलाच ऊन तापते. रस्त्यावर भरधाव वाहने असतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो, पण पहाटेच्या अंधारात रस्त्यावर जाण्याची त्यांना भीती वाटते. घरातल्या स्त्रियांना चारचौघांत सायकल चालवण्याचा संकोच वाटतो. अशांसाठी ओसरीवरची सायकल ही मोठी सोय आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढाच त्याचा हिशोब आहे. व्यायाम करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम समजावा.

व्यायाम सुटतो तो बसण्याच्या जागेमुळे

मात्र अनेकांचा हा व्यायाम महिन्याभरात सुटतो. कारण विचारले तर ‘वेळ मिळत नाही’ असे सांगतात. खरे कारण पुष्कळदा वेगळे असते, पण ते सांगायची लाज वाटते. बसण्याच्या जागी दुखते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

हे का होते ते समजून घेऊ. बसताना शरीराचा भार नितंबांतील दोन हाडांवर पडावा, अशी रचना आहे. या हाडांच्या मधल्या नाजूक भागातून जननेंद्रियाकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवरून सरकून मधल्या भागावर आला की नस दबते आणि बधिरपणा येतो.

रस्त्यावर सायकल चालवताना हा दाब एकाच जागी फार वेळ राहत नाही. प्रत्येक पायडलबरोबर सायकल किंचित डावीकडे-उजवीकडे झुकते. खड्डा आला की आपण सीटवरून उठतो. उतार आला की पाय थांबवतो. राजूर घाट चढायचा तर उभे राहून पायडल मारावेच लागते. ट्रेनरवर यांतले काहीच नसते. सायकल जखडलेली, उतार नाही, खड्डा नाही. शरीर मात्र सवयीने डुलू पाहते आणि सीटवर घासले जाते. रस्त्यावर दोन तास आरामात सायकल चालवणारा माणूस घरात पाऊण तासात कंटाळतो, तो यामुळेच.

आपल्या महाराष्ट्रात लांब पल्ल्याचे नामवंत सायकलपटू झाले आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अशा सायकलस्वारांना पायांइतकीच काळजी बसण्याच्या जागेची घ्यावी लागते. मग घरी व्यायाम करणाऱ्याने ती घेण्यात लाज कसली?

डोलती फळी

या त्रासावर सायकलस्वारांनी शोधलेला एक उपाय म्हणजे ‘रॉकर प्लेट’. आपण तिला डोलती फळी म्हणू. दोन फळ्या एकावर एक असतात. त्यांच्यामध्ये लांबीच्या दिशेने एक सळई आणि दोन्ही बाजूंना हवेचे चेंडू असतात. वरच्या फळीवर ट्रेनरसह सायकल बांधतात. पायडल मारताना फळी थोडी डुलते, दाबाची जागा बदलत राहते, शिवाय सायकलच्या सांगाड्याला पडणारा पीळही कमी होतो. ही विकतही मिळते. पण गावातला सुतार आणि वेल्डिंगवाला मिळून ती सहज करू शकतील.

प्लायवूडचा १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता पुरतो. त्याचा पाच फूट लांब तुकडा कापून मधोमध चिरला की पाच बाय दोन फुटांच्या दोन फळ्या मिळतात. उरलेल्या तुकड्यातून ठोकळे निघतात.

मळणीयंत्राच्या शाफ्टला असतात तशी, बैठक असलेली दोन बेअरिंग घ्यावीत. २० मिलिमीटर सळईसाठी दुकानात ‘यूसीपी २०४’ हा क्रमांक सांगावा. ती खालच्या फळीच्या मध्यरेषेवर नट-बोल्टने बसवावीत. एक मागच्या चाकाच्या आसाखाली यावे, कारण बहुतेक भार तिथेच असतो. दुसरे पुढे असावे. दोन्हींतून सळई घालून ती वरच्या फळीच्या तळाशी लावलेल्या भक्कम ठोकळ्यांत घट्ट करावी. दोन फळ्यांत सुमारे आठ सेंटिमीटर अंतर राहावे.

आता चेंडू. सळई खाली आणि माणूस वर, अशी ही रचना असल्याने फळी आपोआप सरळ राहत नाही. तिला सरळ ठेवतात ते चेंडूच. म्हणून ते जाड रबराचे आणि हवा भरता येणारे असावेत. सुमारे १२ सेंटिमीटरचे चार चेंडू, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, मध्यरेषेपासून २२ ते २५ सेंटिमीटरवर ठेवावेत. ते घरंगळू नयेत म्हणून चार इंची पाण्याच्या पाइपाच्या दोन सेंटिमीटर उंचीच्या चकत्या कापून खाली-वर बसवाव्यात. हवा फार झाली तर फळी हलणार नाही. कमी झाली तर सैल बाजेसारखी एका अंगाला कलंडेल. सीटवर स्वस्थ बसल्यावर फळी सपाट राहिली आणि एका बाजूला झुकवून सोडल्यावर परत आली, म्हणजे हवा बरोबर आहे.

फळी जास्त झुकू नये म्हणून काठाशी सुमारे साडेपाच सेंटिमीटर उंचीचे, वर रबर लावलेले अडसर ठोकावेत. काठ अडीच सेंटिमीटर खाली गेला तरी पुरे. ट्रेनरचे पाय लोखंडी पट्ट्यांनी वरच्या फळीला आवळावेत. पुढचे चाकही त्याच फळीवर दोन पट्ट्यांच्या खाचेत बसवावे. एक चाक फळीवर आणि दुसरे जमिनीवर, असे कधीही ठेवू नये.

फळीआधी सीट तपासा

फळी हा पूरक उपाय आहे. सीट चुकीची असेल तर फळी कितीही चांगली असली तरी त्रास जाणार नाही. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवावी. गुडघा सरळ झाला तर उंची ठीक आहे. सीटचे टोक वर उचललेले नसावे. जाड, मऊ गादीचा मोह टाळावा. तिच्यात हाडे रुततात आणि दाब नेमका मधल्या नाजूक भागावर येतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पायडलवर उभे राहावे. रोज वीस मिनिटेच सायकल चालवणाऱ्याला एवढे पुरते, त्याने फळीचा खर्च केला नाही तरी चालेल. पाऊण तास किंवा त्याहून अधिक बसणाऱ्याला फळीचा खरा उपयोग आहे.

ही काळजी घ्या

घरात वारा लागत नाही, म्हणून समोर पंखा हवाच. जवळ पाणी ठेवावे. घाम फार आला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी त्याऐवजी काय प्यावे हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. घामाचे कपडे लगेच बदलावेत, नाहीतर बसण्याच्या जागी पुळ्या येतात.

मधुमेह जुना असेल तर संवेदना कमी झालेल्या असू शकतात. दुखत नाही म्हणजे इजा नाही, असे समजू नये. त्वचा रोज तपासावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम सुरू करावा. चक्कर येणाऱ्यांनी डोलत्या फळीच्या वाटेला जाऊ नये. इतरांनीही पहिले काही दिवस भिंतीजवळ सायकल ठेवावी. लहान मुलांची बोटे दोन फळ्यांच्या फटीत किंवा साखळीत सापडणार नाहीत, हे पाहावे. सायकलच्या साध्या स्टँडवर बसून व्यायाम करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, स्टँड घसरून पडण्याचा धोका असतो.

व्यायामानंतरचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला, लघवीला त्रास झाला किंवा पुळी चिघळली, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि दुखणे नेमके कुठे आहे ते स्पष्ट सांगावे. या दुखण्यात लपवण्यासारखे काही नाही. ते लपवल्याने आजार वाढतो आणि मोठ्या कष्टाने लागलेली व्यायामाची सवयही सुटते.