काळ्या जमिनीतील परसबाग आणि तिची अवजारे

पावसाळ्याचे दिवस जवळ आले की वऱ्हाडातील घराघरांत दोडक्या-कारल्याच्या बियांची आठवण होते. अकोला शहरातील जठारपेठेसारख्या जुन्या वस्तीत घरामागे दहा-बारा फुटांची मोकळी पट्टी उरलेली असो, की खेड्यात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी आंबाडीची वाफ असो, परसबागेची हौस येथे नवी नाही. मात्र या हौसेपोटी होणारी पहिली खरेदी पुष्कळदा चुकते. बाजारात रंगीत मुठींचा पाच-सात वस्तूंचा तयार संच मिळतो. तो कुंडीतील भुसभुशीत मातीसाठी ठीक असतो. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत मात्र त्यातील पत्र्याची खुरपणी पहिल्याच आठवड्यात वाकते, आणि दिवाळीपर्यंत संच अडगळीत व बाग गवताखाली जाते. भाजीचा खर्च वाचवण्यासाठी सुरू केलेल्या उद्योगात पदरचे पैसे जातात आणि घरातील मुलांच्या ताटात यावयाची हिरवी भाजीही येत नाही.

हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शाळांच्या आवारात पोषणबागा करण्यावर भर आहे, आणि 'उमेद' अभियानातील महिला बचत गटही पोषण परसबागा लावीत आहेत. त्यामुळे अवजारांची निवड शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाही करावी लागते.

जमिनीचा स्वभाव

अवजार निवडण्यापूर्वी जमीन ओळखणे आवश्यक आहे. वऱ्हाडातील कपाशीच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो त्या दिवसांत जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असता ती पावड्याला आणि पायाला चिकटते. कोरडी झाली की तिची ढेकळे विटेसारखी कठीण होतात. या दोन अवस्थांच्या मधला जो अल्प काळ, त्यालाच शेतकरी वाफसा म्हणतो. वाफशाची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून विखुरला तर काम सुरू करण्यास हरकत नाही. तो चपटा होऊन तसाच राहिला तर एक-दोन दिवस थांबणे शहाणपणाचे. ओल्या जमिनीत केलेली खोदाई मातीची रचना बिघडवते आणि मग उत्तमातले उत्तम अवजारही त्या ढेकळांपुढे हात टेकते.

यातून एक गोष्ट निघते, ती नवख्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. उन्हाळ्यातील भेगांमुळे काळी जमीन आपली मशागत काही अंशी आपणच करून घेते. भेगांत शेणखत व पालापाचोळा पडतो, पहिल्या पावसात माती फुगून तो आत ओढला जातो. तेव्हा दरवर्षी खोल खोदाई करण्याची गरज नसते आणि जड अवजारांवर मोठा खर्च करण्याचीही नाही. नव्या जागेत बांधकामाची गिट्टी व मुरूम दडलेला असेल, तर सब्बल व टिकाव एकदाच लागतात. ते शेजाऱ्याकडून मागून आणावेत. वर्षातून एक दिवस लागणारी वस्तू विकत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

खुरपे, पावडे आणि काटा

परसबागेतील पहिले आणि खरे अवजार म्हणजे खुरपे. निंदण, रोपाभोवतीची माती मोकळी करणे, लावणीसाठी खड्डा करणे, मेथी-सांभाराची ओळ पाडणे ही सारी कामे त्याच्याने होतात. खुरपे शक्यतो गावच्या लोहाराकडून घडवून घ्यावे. तयार मालातही चांगली खुरपी असतात. तथापि घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाते आणि दांडी एकाच तुकड्यातून घडवलेली असावी. डाग देऊन जोडलेली दांडी चिकट मातीत जोर लावला की नेमकी जोडावरच तुटते. दुसरे, दांडीचे टोक मुठीत खोलवर बसलेले असावे. तिसरे, पात्याला पाणी नीट दिलेले असावे, म्हणजे पाते तापवून विझवून त्याची धार कठीण केलेली असावी. याची परीक्षा कानशीने होते. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. ती मऊ लोखंडासारखी खोल रुतली तर धार टिकणार नाही. थोडीशी घसरत पकडली तर पाते कामाचे आहे असे समजावे. पुढे धार लावतानाही काळजी घ्यावी लागते. विजेच्या सहाणेवर पाते निळे पडेपर्यंत घासले की दिलेले पाणी उतरते. हाताची कानस आणि साधा दगड एवढ्यावर परसबागेचे काम भागते.

पावड्याच्या बाबतीत वजन आणि दांड्याची लांबी यांकडे बहुधा दुर्लक्ष होते. बांधकामावरील मजुराचे रुंद पावडे घरी आणले जाते. त्यावर चिकटलेल्या ओल्या मातीचे ओझे दर फटक्याला उचलावे लागते, आणि आखूड दांड्यामुळे कंबर सतत वाकलेली राहते. परसबागेचे काम बहुतेक घरांतून स्त्रिया आणि वृद्ध माणसे करतात, ही गोष्ट खरेदी करणाराच्या मनात असावयास हवी. अरुंद पात्याचे, हलके पावडे घ्यावे आणि त्याचा दांडा वापरणाराच्या उंचीप्रमाणे बसवून घ्यावा. पाते गुळगुळीत असेल तर माती कमी चिकटते. म्हणून गंजाने खडबडीत झालेले पाते घासून घेण्याचे श्रम वाया जात नाहीत. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचून रोपांची मुळे कुजतात, तेव्हा गादीवाफे करणे भाग असते. त्यासाठी पावडे व एक लोखंडी घमेले हवेच.

चार दात्यांचा काटा मात्र आपल्याकडे अजून म्हणावा तसा रुळलेला नाही. काळ्या जमिनीला खरे तर तोच अधिक मानवतो. सपाट पात्यापेक्षा दात्यांना माती कमी चिकटते, ढेकूळ कापले न जाता फुटते, आणि खतात उपयोगी पडणारी गांडुळेही फारशी मरत नाहीत. नव्या अवजाराविषयी संशय वाटणे स्वाभाविक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि तो नांगर खपण्यास वेळ लागला. काट्याच्या वाट्यालाही अद्याप तशीच उपेक्षा आहे, एवढेच म्हणता येईल. बाग गुंठाभर, म्हणजे सुमारे १०८९ चौरस फूट किंवा त्याहून मोठी असेल, तर सायकलच्या चाकाचे कोळपे वापरून पाहावे. उभ्याने ढकलता येत असल्यामुळे निंदणाचा त्रास बराच हलका होतो. त्याहून लहान बागेत ते वळवण्यालाही जागा पुरत नाही.

दांड्यासाठी बाभूळ, धावडा आणि तिवस ही लाकडे विदर्भात पूर्वीपासून वापरात आहेत. धाग्याची दिशा दांड्याच्या लांबीला समांतर असावी. मध्येच तिरपी जाणारी रेघ किंवा गाठ असलेला दांडा नाकारावा. रंग दिलेल्या दांड्याचे दोष दिसत नाहीत, म्हणून कोराच घ्यावा आणि त्याला जवसाचे कच्चे तेल चोळावे. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडावर आवरण धरते. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

कापण्याची साधने

आंबाडी, चारा वा गवत कापण्यास विळा पुरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा वजनाला हलका असून त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. परसात लिंबू, कढीपत्ता वा गुलाब असेल, तरच छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, घ्यावी. तिची दोन पाती कात्रीप्रमाणे एकमेकांना घासून जाणारी असावीत. एक पाते सपाट पट्टीवर आदळते अशी सिकेटर वाळक्या फांदीस चालते, हिरवी फांदी मात्र चेंगरते. लिंबावरील खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग असून रोगट फांदी कापलेल्या पात्यावरूनही तो पसरू शकतो. म्हणून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसावीत.

पाणी देण्याची साधने

अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते, आणि उन्हाळ्यात नळाचे पाणी किती जपून वापरावे लागते हे तेथील गृहिणींना सांगावयास नको. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीचे व कूपनलिकेचे खारे पाणी दिल्यास चिकणमाती अधिकच घट्ट होते. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवणारी टाकी ही कोणत्याही अवजारापेक्षा मोलाची ठरते.

झारी घेताना तिचा फवारा बारीक छिद्रांचा असावा. नळीची जोरदार धार पडली की काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि पालक-मेथीचे कोवळे अंकुर त्याखाली अडकतात. भरलेली झारी उचलणाराला झेपेल एवढीच असावी. दहा लिटर पाण्याचेच वजन दहा किलो होते. रोपांभोवती सोयाबीनचे कुटार अंथरले तर पाणी कमी लागते, भेगा कमी पडतात आणि निंदणही घटते. कुटार बहुधा घरचेच असते किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून सहज मिळते.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

शाळेकरिता एकाच मापाची डझनभर पावडी घेण्याची पद्धत सोयीची असली तरी योग्य नव्हे. चौथीतील मुलाला मोठ्या माणसाचे पावडे पेलत नाही. मुले एक तर कंटाळतात किंवा पायावर मारून घेतात. मुलांसाठी लहान मुठीची खुरपी व छोट्या झाऱ्या घ्याव्यात आणि खोदाई मोठ्यांनी करावी. दरपत्रके मागवताना केवळ 'खुरपे, नग दहा' असे न लिहिता घडाई, वजन व दांड्याचे लाकूड यांचा उल्लेख करावा, म्हणजे स्वस्त पत्र्याचा माल नाकारण्यास आधार मिळतो. दरपत्रक ठरविण्यापूर्वी एक नमुना वापरून पाहावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत व कृषी प्रदर्शनांत अवजारे प्रत्यक्ष हाताळण्याची संधी मिळते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा आधार जवळ असताना केवळ छापील चित्रावरून खरेदी करण्याचे कारण नाही.

अवजार गंजलेले असल्यानेच धनुर्वात होतो, असा समज आहे. वस्तुतः त्याचे जंतू माती व शेणखतात असतात आणि स्वच्छ खुरप्याच्या जखमेतूनही ते शरीरात जाऊ शकतात. म्हणून जखम कशानेही झाली तरी ती धुऊन आरोग्य केंद्रात लसीची चौकशी करावी.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत अवजारांची नोंद होते आणि पुष्कळदा कपाटाला कुलूप लागते. सुटीच्या दिवसांत बागेला पाणी कोण देणार आणि त्या वेळी किल्ली कोणाकडे राहणार, हे त्याच दिवशी ठरवून फळ्यावर लिहून ठेवावे. काम संपल्यावर अवजारांची माती काडीने खरवडावी, ती कोरडी करून पात्यांना तेलाचा बोळा फिरवावा आणि ओलसर जमिनीवर न ठेवता भिंतीवरील खुंट्यांना टांगावीत. प्रत्येक खुंटीखाली अवजाराची बाह्याकृती कोळशाने काढून ठेवली, तर कोणते परत आले नाही हे लहान मुलालाही दिसते.