काजव्यांचा फोटो काढताना

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी सुमारे १५ किलोमीटर. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, पाठीवर सॅक घेऊन ही वाट मी चालतो ती काजव्यांसाठी. ऐन, हिरडा, बेहडा तेव्हा फांदीफांदीनं लुकलुकतात. कॅमेरा मी इथेच शिकलो.

उजेड असतानाच कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून लांबच्या झाडावर फोकस पक्का करावा. लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ १६००, शटर २० ते ३० सेकंद, फ्लॅश बंद. हजारो ठिपक्यांचा फोटो हवा असेल, तर अशा अनेक फ्रेम संगणकावर एकत्र कराव्या लागतात.

पण त्याहून मोठा धडा अंधाराचा. ते लुकलुकणं म्हणजे नरानं मादीला घातलेली साद असते, आणि प्रौढ काजवा जगतो जेमतेम काही आठवडे. बॅटरीच्या, गाडीच्या झोतात ती साद हरवते. जोडी जमली नाही, तर पुढची पिढी घटते. मादी पुष्कळदा खाली गवतात असते, म्हणून पायवाट सोडू नये. आम्हा कवींना उजेडाचं फार कौतुक. इथे मात्र तो आवरावा लागतो. चालताना बॅटरी लागलीच, तर काचेवर लाल कागद लावा आणि झोत पायाशी ठेवा. फोटो पुढच्या वर्षीही काढता येईल; तोवर काजवे मात्र राहायला हवेत.