अतितातडीचे

गेल्या महिन्यात शिक्षक म्हणून निवृत्त झालो. शाल-श्रीफळ हातात पडतं न पडतं तोच मोबाइलवर संदेश आला : 'अतितातडीचे. आजची उपस्थिती दोन वाजेपर्यंत लिंकवर भरावी.'

शाळेच्या अशा हिशेबाचं भांडण आमच्या वर्ध्याला नवं नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी आग्रह धरला, की पोरांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा. झाकिर हुसेन समितीनं योजना आखली. पण बजावलंही, की कमाईच्या नादात शिक्षण मागे पडू शकतं. सेवाग्रामला हीच योजना 'नई तालीम' म्हणून रुजली, पुढे ओसरली. तिथली आनंद निकेतन शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

माझी पहिली पंचवीस वर्षं जनगणना, निवडणूक आणि पोलिओच्या डोसात गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. बोलायचंय ते २०१५ नंतरचं. त्या वर्षी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, ऑनलाइन माहिती भरायचं 'सरल' आलं. पोरांची माहिती भरायला मी गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली नेटवर्क शोधत उभा राहायचो आणि वर्गात पोट्टे आपापलं उरकायचे.

तरी एक परसबाग जमली होती. चौथीची पोरं रोज भेदरं, म्हणजे टोमॅटो, तोडून ताणकाट्यावर तोलायची, वहीत मांडायची. एकदा वाद पेटला : सडलेलं भेदरं वजनात धरायचं की नाही? अर्धा तास कोणी हटेना. शेवटी एका पोरीनं वहीत दोन रकाने पाडले, 'तोडलं' आणि 'खाल्लं'. नफा-तोट्याचा धडा तिथंच झाला.

त्याच आठवड्यात साहेब आले. वही उघडलीसुद्धा नाही. विचारलं, "फोटो अपलोड केला का?" केला नव्हता. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

पुढे २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये विसाखालच्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं. खर्च परवडत नाही म्हणे. खर्च १९३७ मध्येही परवडत नव्हता. पण तेव्हाच्या योजनेत हिशेब पोरांच्या हातात होता. आता पोरंच हिशेबात बसवतात.

नोटिशीचं उत्तर मी चार ओळींत दिलं होतं. आज द्यायचं असतं, तर सोबत ती दोन रकान्यांची वही जोडली असती.