पिकतं तिथंच

‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण फुटबॉलवाल्यांनी कधीच खरी करून दाखवली आहे. पोरगं साओ पावलोच्या गल्लीत वाढतं आणि माद्रिदला विकलं जातं, डाकारमध्ये तयार होतं आणि फ्रान्समध्ये खपतं. २०२२ च्या विश्वचषकासाठी अर्जेंटिनाने २६ जण आणले. त्यांतला अर्जेंटिनाच्या लीगमध्ये खेळणारा एकच, रिव्हर प्लेटचा गोलरक्षक फ्रांको अर्मानी, आणि तोही बाकावरचा. ब्राझीलच्या २६ जणांत घरचे तिघे.

आणि २२ नोव्हेंबरच्या दुपारी लुसैलच्या मैदानावर याच अर्जेंटिनासमोर सौदी अरेबियाचा संघ उभा राहिला. त्याच्या यादीतले २६ च्या २६ सौदी लीगमधले होते, आणि त्यांपैकी १२ एकट्या अल-हिलालचे. सलग ३६ सामने न हरलेला मेसीचा संघ त्या दिवशी १-२ हरला. जगभर ‘चमत्कार’ म्हणून मथळे झाले. मला मात्र त्या यादीचंच जास्त कुतूहल वाटलं. एका क्लबात रोज सरावाला भेटणारी दहा-बारा माणसं बचावाची रेषा हाफवेपर्यंत वर नेतात आणि एकाचंही पाऊल चुकत नाही, तेव्हा ती गोष्ट आठवडाभराच्या शिबिरात शिकलेली नसते. याच स्पर्धेत यजमान कतारचे २६ जणही सगळे घरचेच होते, निम्मे अल-सद्दचे. ते तिन्ही सामने हरले. तेव्हा घरच्या पिकाची एवढ्यात आरती ओवाळायला नको. ते पीक कुठल्या रानात येतं, हे आधी बघायला हवं.

त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, बुडापेस्टपर्यंत. १९४९ मध्ये हंगेरीत क्लबांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि किशपेश्ट नावाचा उपनगरातला क्लब लष्कराच्या ताब्यात गेला. त्याचं नाव झालं होनवेद. पुश्काश आणि बोझिक तिथे आधीपासूनच होते, लहानपणापासूनचे शेजारी. बाकीच्यांना आणायची युक्ती सोपी होती: लष्करात भरती. कोचिश, बुदाई, त्सिबोर असे एकेक जण होनवेदच्या गणवेशात आले. राष्ट्रीय प्रशिक्षक गुस्ताव शेबेश हे सरकारात उपमंत्रीही होते, त्यामुळे क्लबाने खेळाडू सोडला नाही ही तक्रार करायची त्यांना गरजच नव्हती. क्लब आणि देश एकाच आखाड्यात घडत होते. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवणाऱ्या अकरांत निम्म्याहून अधिक होनवेदचे होते आणि हिदेगकुटीसह तिघे एमटीके क्लबाचे. हिदेगकुटी नऊ नंबरचा शर्ट घालून मधल्या फळीत उतरायचा. त्याच्यामागे जायचं की जागा धरायची, हे इंग्लंडच्या सेंटर हाफला शेवटपर्यंत उमगलं नाही. सहा महिन्यांनी बुडापेस्टला ७-१.

१९५४ च्या विश्वचषकाची बर्नची अंतिम फेरी हा संघ हरला, ते दुःख आहेच. पण त्याचा शेवट झाला १९५६ मध्ये. बुडापेस्टच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे आले त्या सुमारास होनवेद युरोपियन चषकासाठी देशाबाहेर होता आणि त्यांची गाठ अॅथलेटिक बिल्बाओशी होती. बरेच जण परतलेच नाहीत. पुश्काश पुढे रेआल माद्रिदला गेला, कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाला. एक क्लब उधळला आणि त्याच्याबरोबर देशाचा संघही.

ब्राझीलचं वेगळं. १९५८, १९६२ आणि १९७० चे तिन्ही विश्वचषक त्यांनी फक्त घरच्या लीगमधल्या खेळाडूंवर जिंकले. त्यामागे एक अलिखित दंडकही होता, परदेशी गेलास की संघाबाहेर. १९५८ च्या विजयानंतर वावा स्पेनला गेला होता. तो परतला म्हणून १९६२ ला खेळला. मिलानला गेलेला आल्ताफिनी परतला नाही आणि १९६२ मध्ये इटलीच्या निळ्या शर्टात दिसला. हा दंडक ढिला पडायला १९८२ उजाडावं लागलं. रोमाचा फाल्काव आणि अॅटलेटिको माद्रिदचा दिर्सेऊ त्या वर्षी संघात आले. आणि नेमक्या त्याच वर्षी, ५ जुलैला, बार्सिलोनाच्या सारिया मैदानात ज्या संघाने ब्राझीलला ३-२ असं घरी पाठवलं, त्याचे झाडून सगळे खेळाडू घरचे होते.

इटलीच्या या घरकोंबडेपणाची जन्मतारीख सांगता येते: १९ जुलै १९६६. मिडल्सब्रोत उत्तर कोरियाने त्यांना १-० ने हरवून विश्वचषकाबाहेर काढलं. गोल पाक डू-इकचा. परतलेल्या संघाचं जिनोआच्या विमानतळावर टोमॅटो फेकून स्वागत झालं. मग, कुठल्याही नामुष्कीनंतर होतं तसं, गुन्हेगाराचा शोध सुरू झाला आणि तो लगेच सापडला: परदेशी खेळाडू. ते आपल्या पोरांची जागा अडवतात. इटालियन महासंघाने परदेशी खेळाडूंच्या नव्या भरतीला कुलूप ठोकलं, ते थेट १९८० मध्ये उघडलं, आणि तेव्हाही क्लबमागे एकाच माणसापुरतं.

या चौदा वर्षांत इटालियन फुटबॉल कंटाळवाणा झाला, सावध झाला, गोल आटले. पण त्या बंद घरात एक गोष्ट मुरत गेली. प्रशिक्षक बेआर्झोत यांनी १९८२ च्या अंतिम सामन्यात उतरवलेल्या अकरांत सहा जण युव्हेंटसचे होते: झोफ, जेंतिले, शिरेआ, काब्रिनी, तार्देल्ली, रोस्सी. शिरेआ कधी जागा सोडून पुढे जाणार, हे जेंतिलेला मागे वळून बघावं लागत नव्हतं. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले तेव्हा इटालियन पत्रकारांनी संघाला इतकं सोललं की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. त्यानंतर अर्जेंटिना, ब्राझील, पोलंड, पश्चिम जर्मनी असे ओळीने चारही हरले. कप्तान झोफ चाळीस वर्षांचा होता. रोस्सी तर मॅचफिक्सिंगच्या प्रकरणातली दोन वर्षांची बंदी संपवून जेमतेम परतला होता आणि त्याने सहा गोल केले. परदेशी खेळाडूंवरच्या बंदीमुळे विश्वचषक मिळाला म्हणावं, तर त्याच बंदीत १९७४ ला इटली पहिल्या फेरीतच गारद झाली होती. मला वाटतं, कुलपाने फक्त वेळ दिला. त्या वेळात युव्हेंटसने काय उभं केलं, त्याचं ते फळ.

याचा पडताळा २००६ ला आला. मधल्या काळात सगळं बदललं होतं. डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपातल्या लीगांची दारं सताड उघडली होती. इंग्लंडमध्ये तर १९९९ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध एकही ब्रिटिश नसलेले अकरा जण उतरवले. इटलीतही परदेशी खेळाडूंची रेलचेल होती. तरी प्रशिक्षक लिप्पींच्या यादीतले २३ च्या २३ सेरी आमधले होते, कारण बाहेर जायचं कशाला? पैसा तिथे होता, स्पर्धा तिथे होती. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झालेला तो अंतिम सामना पाहताना सगळ्यांना आठवतं ते झिदानचं डोकं. मला त्यापेक्षा विचित्र वाटत होतं ते हे, की रोममध्ये त्याच दिवसांत सामनेनिश्चितीचा खटला चालू होता आणि कान्नावारो, बुफोन, झांब्रोत्ता, कामोरानेसी, देल पिएरो हे युव्हेंटसचे पाचही जण आपला क्लब कुठल्या विभागात जाणार हे माहीत नसताना खेळत होते. चषक ९ जुलैला उचलला. १४ जुलैला युव्हेंटसला खालच्या विभागात ढकलल्याचा निकाल आला. कान्नावारो माद्रिदला गेला, झांब्रोत्ता बार्सिलोनाला. पुढे सेरी आचं वैभव ओसरलं, आणि २०१८ व २०२२ च्या विश्वचषकांना इटली पात्रही ठरली नाही.

इंग्लंडचा २०१८ चा उपांत्य फेरी गाठणारा संघही सगळा घरचाच, पण त्याची गोष्ट साधी आहे. जगातली सगळ्यात श्रीमंत लीग दारात असताना उंबरठा कोण ओलांडेल?

माझा आवडता घरचा संघ मात्र इजिप्तचा. हसन शहाता यांच्या हाताखाली २००६, २००८, २०१० असे लागोपाठ तीन आफ्रिकन चषक. समोर कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, घाना, म्हणजे चेल्सी, बार्सिलोना आणि इंटरमधली नावं. इकडे बहुतेक जण इजिप्तच्याच लीगमधले, त्यातही अल-अहलीचे: अबू त्रिका, गोलरक्षक अल-हदारी, बचावातला वाएल गोमा. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकात त्यांनी जगज्जेत्या इटलीला १-० ने हरवलं. या पिढीला ऐन बहरात विश्वचषक मात्र लाभला नाही. मग जानेवारी २०११ ची क्रांती आली आणि लीग थांबली. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या मैदानात ७४ माणसं मेली आणि तो मोसमच रद्द झाला. पुढचाही पूर्ण झाला नाही. ज्याने सलग तीन चषक जिंकले होते, तो देश २०१२, २०१३ आणि २०१५ या तिन्ही आफ्रिकन स्पर्धांत नव्हता. पिढी म्हातारी झाली होती हे खरं, पण नवी पिढी घडणार कुठे? बाहेर खेळणाऱ्यांच्या संघाला घर पडल्याची झळ उशिरा लागते. घरच्यांच्या संघावर छपरासकट कोसळतं.

सौदींच्या घराला आग लागली नाही, उलट लॉटरी लागली. लुसैलच्या त्या सामन्यानंतर महिना-सव्वामहिन्यातच रोनाल्डो अल-नस्रमध्ये दाखल झाला. जून २०२३ मध्ये सरकारी गुंतवणूक निधीने चार बडे क्लब ताब्यात घेतले, मग बेन्झेमा आला, नेयमार आला. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून आलेले मान्चिनी वर्षभरात हैराण झाले. त्यांची तक्रार एकच, माझे खेळाडू क्लबात बाकावर बसतात, मी निवडू कोणाला? १९६६ च्या इटलीतलं गाऱ्हाणं अठ्ठावन्न वर्षांनी एका इटालियन माणसाच्याच तोंडून रियाधमध्ये ऐकू आलं.

आता आपल्याकडे. भारताचा संघ जवळजवळ कायमच घरचा, पण तो निवडीने नव्हे, बाहेरून फारसं कोणी बोलावलं नाही म्हणून. मात्र एके काळी ते घर बरं होतं. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या संघात कलकत्त्याच्या क्लबांचे, रेल्वेचे, हैदराबादी असे सगळे होते, आणि गोव्यात जन्मलेला, मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँकोही. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने त्याआधी मुंबईच्या कुपरेजवर १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक नेला होता. तेव्हा अखिल भारतीय लीग नव्हती, पण नोकरी होती, कंपन्यांचे संघ होते आणि वर्षभर स्पर्धा होत्या.

त्याची शेवटची झुळूक गोव्यात होती. देंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघातले महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे भारताकडूनही एकत्र खेळायचे. आपल्या मापाने आपलं होनवेदच ते. मग मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० ला बंद झाला, पंजाबचा जेसीटी पुढच्या वर्षी. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि देंपो यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं.

इंडियन सुपर लीगने गर्दी आणली, हिरवळ सुधारली, खेळाडूंना बरे पैसे दिले. या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१४ पासूनच्या पहिल्या अकरा मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळाला नाही. क्लबाला गोल हवा असतो आणि गोल करणारा परदेशातून आणणं सोपं असतं. परिणामी निवृत्त झालेल्या चाळिशीच्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं. त्याच महिन्यात शिलाँगला बांगलादेशाने ०-० असं रोखलं. त्यांच्या मधल्या फळीत इंग्लिश लीगमध्ये वाढलेला हमझा चौधरी पहिल्यांदाच खेळत होता.

जुलैमध्ये, महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा तिढा सुटेना म्हणून, नवा मोसमच स्थगित झाला. ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले, सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आला, तेव्हा थोडी धुगधुगी वाटली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानात आशियाई चषकाच्या पात्रतेसाठी सिंगापूरशी गाठ होती. आपल्या छांगतेने चौदाव्या मिनिटाला लांबून सुरेख गोल मारला. मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन गोल त्यांच्या साँग उई-यंगने परत केले. १-२. आशियाई चषकाचं दार तिथेच लागलं. खेळाडू बॅगा भरून आपापल्या क्लबांकडे निघाले तेव्हा लीगचा पुढचा सामना कोणत्या तारखेला, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हतं.